एका इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कसे जावे : ‘थ्रिल’चे अर्थ आणि उगम

अंगभर अचानक उठणारी आणि क्षणात ओसरणारी उत्तेजना सांगण्यासाठी इंग्रजीत जे अनेक शब्द आहेत, त्यांपैकी ‘थ्रिल’ हा आपल्या सर्वाधिक ओळखीचा शब्द आहे. तो मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. आणि विचारलाच, तर आनंद, भीती, रोमांच, थरार अशी उत्तरे एकापाठोपाठ येतात, जी एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. ही न जुळणारी उत्तरे चुकीची आहेत असे मला वाटत नाही. ती शब्दाच्या इतिहासातच दडलेली आहेत आणि तो इतिहास कोणालाही घरबसल्या उलगडता येतो. शब्दाच्या मुळापर्यंत जाण्याची रीत इथे ‘थ्रिल’च्या आधाराने सांगत आहे, कारण या एका शब्दात व्युत्पत्तीशास्त्रातील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी भेटतात.

व्युत्पत्तीचा कोश उघडण्यापूर्वी तो शब्द आज जिथे जिथे वापरला जातो ती वाक्ये कागदावर उतरवून काढावीत. ‘थ्रिल’च्या बाबतीत निदान पाच प्रकारची वाक्ये हाती लागतात. मनासारखी नोकरी मिळालेला माणूस आपण ‘थ्रिल्ड’ आहोत असे म्हणतो. उंच पाळण्यातून खाली झेपावण्याचा अनुभव ‘थ्रिलिंग’ असतो. खुनाचा तपास सांगणारी कादंबरी ‘थ्रिलर’ ठरते. एखादा निर्णय न आवडलेला अधिकारी आपण त्याबद्दल ‘नॉट थ्रिल्ड’ असल्याचे सांगतो. आणि रुग्णाच्या छातीवर तळहात ठेवून डॉक्टर जेव्हा ‘थ्रिल’ लागतो आहे असे नोंदवतात, तेव्हा त्यात आनंदाचा किंवा भीतीचा मागमूसही नसतो. ही पाच वाक्ये शेवटपर्यंत समोर ठेवावीत, कारण शोधलेले मूळ खरे आहे की केवळ आकर्षक आहे, याची कसोटी त्यांच्यावरच लागणार आहे.

यानंतर कोश निवडताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी केलेले इंग्रजी कोश आज जो अर्थ अधिक चालतो तो आधी देतात, तर मेरियम-वेबस्टरसारखे कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात, आणि त्यामुळे एखाद्या नोंदीत अनपेक्षित अर्थ पुढे आलेला पाहून वाचक गोंधळतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली, प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातील वाक्ये सालांसह देतो. अशा कोशात अर्थ वाचण्याआधी साले वाचावीत, असा माझा आग्रह आहे. कोणता अर्थ कोणाच्या आधी आला हे एकदा कळले की एका अर्थातून दुसरा कसा निघाला, याचा अंदाज पुष्कळदा आपोआप बांधता येतो.

साले मागे मागे नेत गेलो की आपण एका छिद्रापाशी येऊन थांबतो. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारणपणे बाराव्या शतकापूर्वीच्या इंग्रजीत, ‘थ्यूरेल’ या नामाचा अर्थ भोक, छिद्र, आरपार गेलेली वाट असा होता, आणि त्यापासून बनलेल्या ‘थ्यूरलियन’ या क्रियापदाचा अर्थ छिद्र पाडणे, भेदणे असा होता. ‘थ्यूरेल’ हे नामही ‘थुर्ह’ या शब्दापासून बनले होते, आणि हा ‘थुर्ह’ म्हणजेच आजचा ‘थ्रू’, म्हणजे आपल्या भाषेत ‘-मधून’ किंवा ‘आरपार’. (जुन्या इंग्रजीच्या कोशात हे शब्द शोधताना ‘टी’ अक्षराखाली ते सापडले नाहीत तर निराश होऊ नये, ‘थ’ या ध्वनीसाठी त्या काळी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते आणि बॉसवर्थ-टॉलर यांच्या कोशात त्या अक्षराचा विभाग ‘टी’च्या नंतर येतो.)

हे छिद्र आजच्या इंग्रजीत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शिल्लक आहे. नाकपुडीला इंग्रजीत ‘नॉस्ट्रिल’ म्हणतात, आणि तो शब्द ‘नाक’ व ‘थ्यूरेल’ यांचा जोड आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘नोस्थ्यूरल’ असा होता. आपल्या ‘नासारंध्र’ या शब्दाची घडण अगदी हीच आहे, आणि त्यातला ‘नासा’ हा तर इंग्रजीतील नाकाच्या शब्दाचा सख्खा नातलग आहे. याच पद्धतीने जुन्या इंग्रजीत खिडकीला ‘डोळ्याचे छिद्र’ अशा अर्थाचा शब्द होता, ज्याच्या उत्तरार्धात पुन्हा ‘थ्यूरेल’च होता. पुढे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाचा शब्द इंग्रजीत रुजला, त्याचे ‘विंडो’ झाले आणि जुना शब्द मावळला. संस्कृतात खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणजे गाईबैलाचा डोळा आणि ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याचा मार्ग असे दोन शब्द आहेत, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. भिंतीतल्या भोकाकडे पाहून दूरदूरच्या माणसांना डोळा आणि वारा याच दोन गोष्टी सुचाव्यात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

शब्दाच्या मागे जाताना ध्वनींची अदलाबदल ओळखता येणे आवश्यक असते. ‘थ्यूरलियन’पासून मध्ययुगीन इंग्रजीत ‘थिर्लेन’ झाले आणि सुमारे १३०० सालापासून त्याचेच ‘थ्रिलेन’ असे रूप दिसू लागले. ‘र’ स्वराच्या मागून पुढे सरकला, एवढाच हा बदल आहे. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. ‘वाराणसी’चे ‘बनारस’ होताना ‘र’ आणि ‘ण’ यांनी जागा बदलल्या, किंवा बोलण्याच्या ओघात ‘मतलब’चे ‘मतबल’ होते, तशीच ही गोष्ट आहे. इंग्रजीत ‘तीन’साठी ‘थ्री’ असताना ‘तिसरा’साठी ‘थर्ड’ का आहे, याचेही कारण हेच आहे. पूर्वी तिथेही ‘र’ आधी आणि स्वर नंतर होता. म्हणून एखाद्या शब्दाचे जुने रूप सापडत नसेल, तर त्यातील ‘र’ एक घर मागेपुढे सरकवून पाहावा.

छिद्रापासून रोमांचापर्यंतचा प्रवास हा या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत श्रीमंत भाग आहे. प्रारंभी या क्रियापदाचा विषय पूर्णपणे भौतिक होता; भाल्याचे टोक शरीरातून आरपार जाणे, लाकडाला भोक पाडणे अशा ठिकाणी ते वापरले जाई. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर याच्या अ‍ॅनेलिडा या नायिकेच्या विलापात दुःखाची तलवार आठवणीच्या टोकाने आपल्या हृदयाला भेदते, अशी कल्पना येते, आणि तिथे भेदण्यासाठी वापरलेले क्रियापद ‘थिर्ल’ हेच आहे. येथे भावना आली आहे, परंतु ती अजून तलवारीच्या रूपात आली आहे. शस्त्र, टोक आणि जखम या तिन्ही गोष्टी वाचकाला दिसतात. अर्थ बदलण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला शब्द इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतो.

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शेक्सपिअरकडे आल्यावर तलवार गळून पडलेली असते आणि भेदणारी वस्तू म्हणून केवळ भावना उरते. झोपेचे औषध पिण्यापूर्वी ज्युलिएट म्हणते की एक पुसट, थंड भीती आपल्या शिरांमधून जात आहे. मूळ इंग्रजी ओळीत ‘थ्रिल्स’ आणि ‘थ्रू’ हे शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, म्हणजे ज्या अव्ययाच्या पोटी हे क्रियापद जन्मले त्याच्याच हाताला धरून ते आले आहे. चौथ्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागात फॉलस्टाफ राजपुत्राला विचारतो की शत्रूंची नावे ऐकून तुझे रक्त ‘थ्रिल’ होत नाही का, आणि तिथेही प्रश्न भीतीचा आहे. ‘मेझर फॉर मेझर’मध्ये मरणाला घाबरलेला क्लॉडिओ मृत्यूनंतरच्या ज्या बर्फाळ प्रदेशाची कल्पना करतो, त्याला ‘थ्रिलिंग’ हे विशेषण लागले आहे, आणि त्याचा अर्थ हाडांत शिरणारी थंडी असा आहे. ही तीन ठिकाणे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते की चारशे वर्षांपूर्वी हा शब्द अंगातून जाणाऱ्या गारव्याचा आणि धास्तीचा होता. सुखद उत्तेजनेचा अर्थ त्यात हळूहळू मिसळला, सतराव्या शतकात तो नाम म्हणूनही वापरला जाऊ लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सनसनाटी कथेला ‘थ्रिलर’ म्हणण्याचा प्रघात पडला.

इंग्रजीच्याही मागे जायचे असेल तर ध्वनिनियमांचा आधार घ्यावा लागतो, आणि मराठी वाचकाला संस्कृत शब्द ओळखीचे असल्यामुळे हे काम इतरांपेक्षा सोपे जाते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार, मूळ इंडो-युरोपीय भाषेतील, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतील, ‘त’ हा ध्वनी इंग्रजी, गॉथिक यांसारख्या जर्मानिक भाषांच्या मुळाशी ‘थ’ असा झाला, तर संस्कृतात तो ‘त’च राहिला. त्यामुळे ‘त्रि’ला ‘थ्री’, ‘तनु’ला ‘थिन’ आणि ‘तृषा’ला ‘थर्स्ट’ असे प्रतिरूप मिळते. याच नियमाने ‘थ्रू’चे संस्कृत भावंड शोधले की ‘तिरस्’ हे अव्यय मिळते, ज्याचा अर्थ आडवे, पलीकडे, आरपार असा आहे आणि जे आपल्या ‘तिरस्कार’, ‘तिरोहित’, ‘तिर्यक्’ या शब्दांत जिवंत आहे. त्याच्या मुळाशी पार करून जाण्याचा अर्थ आहे, तोच जो ‘तरणे’, ‘तीर्थ’ आणि ‘अवतार’ यांच्या मुळाशी आहे. लॅटिनमधील ‘ट्रान्स’ हा उपसर्गही याच कुळातला आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘तिरस्’ची नोंद उघडून पाहिली तर हे नाते पडताळता येते.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका असतो तो कानाला गोड लागणाऱ्या साम्याचा. ‘थ्रिल’ आणि ‘थरार’ हे शब्द इतके सारखे वाजतात की ते एकाच मुळाचे असावेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण आत्ताच पाहिलेला नियम इथे लावून पाहावा. इंग्रजीतील ‘थ’समोर आपल्याकडे ‘त’ यायला हवा होता, ‘थ’ नव्हे. आणि ‘थरार’, ‘थरथर’, ‘थरकाप’ हे शब्द कापणाऱ्या अंगाच्या हालचालीचे अनुकरण करणारे आहेत, त्यांच्यात छिद्राचा किंवा आरपार जाण्याचा अर्थ कुठेही नाही. ध्वनी अति जुळतो आणि नियम जुळत नाही, तेव्हा नाते नाकारावे. इंग्रजीतही अशी दोन फसवी भावंडे आहेत. मंत्रमुग्ध करणे या अर्थाचा ‘एन्थ्रॉल’ हा शब्द ‘थ्रिल’च्या जवळचा वाटतो, परंतु त्याच्या पोटात गुलाम या अर्थाचा जुना नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, शब्द आहे, आणि त्याचा पहिला अर्थ गुलाम करणे असाच होता. गळ्यातून निघणाऱ्या कंपित स्वराला ‘ट्रिल’ म्हणतात. तो इटालियन संगीतातून आलेला वेगळा शब्द आहे.

नाते नसले तरी आपल्या शब्दांशी तुलना करणे व्यर्थ नसते, कारण उत्तेजनेला नाव देताना भाषा शरीराच्या कोणत्या खुणेकडे पाहते, हे त्यातून उमगते. इंग्रजी शब्दाने आत शिरणारी वस्तू पाहिली. संस्कृताने त्वचेवर उभी राहिलेली लव पाहिली. ‘रोमांच’ आणि ‘रोमहर्ष’ हे दोन्ही शब्द तिच्यावरून आले आहेत. ज्या ‘हृष्’ धातूपासून ‘हर्ष’ झाला, त्याच्या अर्थात केस ताठ उभे राहणे हाही अर्थ आहे, आणि लॅटिनमध्ये त्याच मुळापासून केस उभे राहणे, शहारणे या अर्थाचे क्रियापद बनले, ज्यातून इंग्रजीत ‘हॉरर’ आला. एकाच मुळातून आपल्याकडे आनंद आणि तिकडे भयानकता निघाली आहे! ज्यांना हे अविश्वसनीय वाटेल त्यांनी भगवद्गीता उघडावी. पहिल्या अध्यायात (१.२९) स्वजनांना युद्धासाठी उभे पाहून हादरलेला अर्जुन आपल्या अंगाला कंप सुटल्याचे आणि रोमहर्ष होत असल्याचे सांगतो, अठराव्या अध्यायात (१८.७४) संजय कृष्णार्जुनांचा संवाद ऐकल्याच्या आनंदात त्याला अद्भुत आणि ‘रोमहर्षण’ म्हणतो. लव दोघांचीही उभी राहिली आहे. नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांत रोमांच आणि वेपथु, म्हणजे कंप, हे वेगवेगळे मोजले आहेत, आणि तेही एकाच रसाशी बांधलेले नाहीत.

यामागे शरीराचे साधे कारण आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो आणि तो आकसला की केस उभा राहतो. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही, तर सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या आज्ञेने हलतो. मोठी भीती आणि मोठा आनंद या दोन्ही वेळी हीच संस्था जागी होते आणि अ‍ॅड्रिनलिन रक्तात वाढते. म्हणून भीती आणि हर्ष यांच्यासाठी एकच शब्द असणे हा भाषेचा ढिसाळपणा मानू नये.

हीच रीत इतर शब्दांनाही लावून पाहता येते. ‘एन्थुझिअ‍ॅझम’च्या मुळाशी ग्रीक भाषेत देव अंगात असणे हा अर्थ आहे, जो मराठी माणसाला ‘अंगात येणे’ या प्रयोगामुळे लगेच कळतो. ‘एक्स्टसी’ म्हणजे स्वतःच्या बाहेर उभे राहणे. ‘अ‍ॅस्टॉनिश’मध्ये लॅटिनमधील मेघगर्जना आहे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा, की कोणाच्या शरीरावर कोणती क्रिया घडली असे हा शब्द सांगतो?

आता समोर ठेवलेल्या पाच वाक्यांकडे वळावे आणि त्यांचे मराठी करून पाहावे. ‘थ्रिलिंग’ आणि ‘थ्रिलर’ यांच्यात भीती व उत्सुकता यांचे जुने मिश्रण टिकून आहे, त्यामुळे ‘थरारक’ आणि ‘थरारकथा’ हे पर्याय नेमके बसतात. ‘थ्रिल्ड’मधून मात्र भीती जवळजवळ पूर्णपणे निघून गेली आहे. नोकरी मिळालेल्या माणसाच्या तोंडी ‘मी थरारलो आहे’ असे वाक्य घातले तर मराठी वाचकाला तो घाबरला आहे असे वाटेल. तिथे ‘मी हरखून गेलो आहे’ किंवा ‘मला अतिशय आनंद झाला आहे’ असेच म्हणायला हवे. ‘नॉट थ्रिल्ड’ हा तर आपली नाराजी सौम्यपणे सांगण्याचा प्रकार आहे, आणि त्याचे ‘मला हे फारसे रुचलेले नाही’ असे भाषांतर करावे; आनंदाचा शब्द तिथे आणूच नये. जुन्या इंग्रजी साहित्याचे भाषांतर करणाऱ्याने यापुढेही जाऊन तपासावे, कारण शेक्सपिअरच्या ओळीत ‘रोमांच’ लिहिला तर भीतीचा थंडपणा नाहीसा होतो, तर ‘शिरशिरी’ लिहिली की तो परत येतो. आपण ‘अंगातून शिरशिरी गेली’ असे म्हणतो, आणि त्या ‘अंगातून’मधल्या ‘-तून’ या शेवटात ‘थ्रू’चा सगळा अर्थ आला आहे.

पाचवे वाक्य डॉक्टरांचे आहे आणि तिथे चूक झाली तर ती केवळ शैलीची राहत नाही. वैद्यकात ‘थ्रिल’ म्हणजे रक्ताच्या खळाळत्या प्रवाहामुळे त्वचेवर हाताला जाणवणारे कंपन. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांनी हृदयावर लागणाऱ्या अशा कंपनाला मांजराच्या गुरगुरण्याची उपमा दिली होती, आणि ज्याने मांजराच्या पाठीवर हात ठेवला आहे त्याला ती लगेच पटेल. हृदयातील मर्मर ध्वनीची, म्हणजे रक्ताच्या अशा खळाळण्याच्या आवाजाची, तीव्रता सहा पायऱ्यांवर मोजतात. चौथ्या पायरीपासून पुढे ध्वनी ऐकू येण्याबरोबरच हे कंपन हातालाही लागते. डायलिसिससाठी हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला तयार केलेल्या रुग्णांना तर रोज त्या जागेवर बोटे ठेवून कंपन लागते का हे पाहायला शिकवतात. रुग्णासाठी अशी सूचना मराठीत लिहिताना ‘रोमांच’ किंवा ‘थरार’ यांपैकी काहीही लिहू नये. ‘फिस्टुलावर बोटे ठेवल्यावर सतत बारीक कंपन जाणवले पाहिजे, आणि ते जाणवले नाही तर रक्ताची वाट बंद झालेली असू शकते, म्हणून त्याच वेळी डायलिसिस केंद्राला कळवावे’ असे सरळ लिहावे.